मिमुंतने खोली सोडली

मिमुंत माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिची लेक दुन्या पाळण्यात होती आणि तिच्या रडण्याने सारं घर जेरीस आलं होतं. आवाज चिरका, कापरा. कुठे भांडं पडलं की पोर अंगभर दचकायची, मग कितीतरी वेळ हनुवटी थरथरत राहायची. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणे. डोळा लागला असं वाटून मिमुंत पाय मोकळे करायला उठली की पुन्हा सुरू.

"नजर लागलीय," सासूबाई म्हणायच्या. त्यांना आम्ही सगळे यम्मा म्हणतो. त्यांनी धुरी दिली, पीराच्या थडग्यावर नेलं, दंडाला ताईत बांधला. पोर तशीच.

आमच्या रिफच्या डोंगरात कीफ पिकतो. कीफ म्हणजे गांजा. दुसरं काही या दगडात तग धरत नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून बायका खोलीत बसतात, घमेल्यावर फडकं ताणून वाळका पाला त्यावर पसरतात आणि दोन काठ्यांनी बडवतात. खाली पडते ती भुकटी विकायची. खोलीत समोरचं माणूस धूसर दिसतं, आणि काम संपेपर्यंत प्रत्येकीला उगाच हसू येत असतं.

दुन्या पोटात असताना मिमुंतला पाणीसुद्धा पचत नव्हतं. तेव्हा यम्मांनी तिला माजून दिलं: अंजीर, मध आणि आक्रोडात कालवलेला कीफ. मायेनेच दिलं, त्यांनाही त्यांच्या सासूने दिलं होतं. उलट्या थांबल्या. मग मिमुंत बाळंतपणापर्यंत रोज खात राहिली आणि खोलीत बडवायलाही बसत राहिली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुन्या चालायला उशिरा लागली. हाक मारली तर वळायची, पण लगेच नजर दुसरीकडे. मिमुंतने ठरवलं, खाली गावात डॉक्टरणीला दाखवायचं. माझे दीर हद्दू तिच्यासोबत जाऊ शकत नव्हते. कीफपायी त्यांच्या नावावर वॉरंट निघालेलं, डोंगर उतरले की पोलीस धरणार.

"जायचं तर जा," यम्मा म्हणाल्या, "पण कीफचं नाव काढशील तर तुझा नवरा तुरुंगात. समजलं?"

"समजलं, यम्मा," मिमुंत म्हणाली.

तिच्यासोबत मी गेले. डॉक्टरणीने दुन्याला चालवलं, तिच्यापुढे ठोकळे मांडले, आणि मग विचारलं, "पोटुशी असताना काही घेत होतीस?" मी मिमुंतचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. माजून, खोली, भुकटी, सगळं.

डॉक्टरणीने ना भुवई उंचावली, ना कुणाला फोन केला. ती म्हणाली, "त्याच्यामुळेच असं झालं, हे मी छातीठोक सांगणार नाही. अशी मुलं दुसऱ्या कारणांनीही होतात. पण आईने खाल्लेला कीफ नाळेतून बाळापर्यंत पोचतो. बाळ लहान भरतं, दचकतं, झोपत नाही. पुढे काहींचं मन एका जागी ठरत नाही. अंगावर पाजताना घेतला तर दुधातूनही जातो. तुझ्या हातात आता दोन गोष्टी आहेत. हिच्यावर मेहनत घे, आणि पुढच्या वेळी कीफ नको."

टॅक्सीतून उतरल्यावर मिमुंत म्हणाली, "पुढच्या वेळी नको म्हणजे नको."

पुढची वेळ आली तीही सुगीनंतर, बडवायच्या दिवसांत. उलट्या पहिल्यापेक्षा वाईट. यम्मा वाटी घेऊन दारात उभ्या. "अगं, बोटभर चाट. पोटातलं पोर उपाशी मारतेस का?"

"मारत नाही, यम्मा. वाचवतेय. न्या ते."

कोरडी भाकर, लिंबू, आल्याचं पाणी, जे डॉक्टरणीने सांगितलं ते ती घोटाघोटाने घ्यायची, ओकायची, परत घ्यायची. गालफडं बसली. एकदा घेरी येऊन पडली. मी तिला गाढवावर बसवून खाली नेलं, दवाखान्यात सलाईन लावून घेतलं आणि परत आणलं. यम्मा उंबऱ्यातच म्हणाल्या, "पाहिलंस? माझं ऐकलं असतंस तर?"

"परत पडले तर परत जाईन," मिमुंत म्हणाली आणि भिंत धरत आत गेली.

खरी ठिणगी खोलीवरून पडली. मिमुंतने सगळ्यांसमोर सांगितलं, "लाकडं आणीन, पाणी आणीन, शेळ्या बघीन. पण त्या खोलीत बसणार नाही. आणि बडवणं घरात नको. भुकटी भिंतीतून येते. खालच्या गोठ्यात न्या."

"राणीसाहेब!" यम्मांनी हात जोडले. "मी याच खोलीत बसून पाच पोरं वाढवली. काय झालं त्यांना?"

कोपऱ्यात चहा ओतणारे हद्दू म्हणाले, "माझं काय झालं ते मास्तरांना विचार, यम्मा. वर्षभर पहिल्या अक्षराच्या, अलिफच्या पुढे सरकलो नाही."

आम्हाला हसू फुटलं. यम्मांनी चप्पल भिरकावली, ती किटलीला लागली. पण मग त्या नातीकडे पाहत राहिल्या आणि उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी हद्दूंनी गोठा शाकारायला घेतला. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, शेळ्या आता दिवाणखान्यात निजतात वाटतं?"

मिमुंतचा मुलगा अनीर भरल्या अंगाचा झाला. दूध प्यायचा नि झोपायचा. लोक म्हणाले, बघा फरक. मिमुंतला ते आवडायचं नाही. "त्याचं कौतुक दुन्याला कमी लेखून करू नका," ती म्हणायची.

तिची सारी जिद्द आता दुन्यावर होती. मास्तरीण म्हणायची, पोर बाकावर टिकत नाही, सांगितलेलं विसरते. मिमुंत स्वतः निरक्षर. मग दोघी मिळून शिकल्या, पण बसून नाही. झऱ्यावर जाताना एक अक्षर, येताना तेच. पिठात बोटाने रेघ. दुन्या कंटाळली की सोडायचं, थोड्या वेळाने पुन्हा. मी पुष्कळदा वैतागले. मिमुंत वैतागली तर अंगणात जाऊन लाकडं फोडायची आणि परत यायची. दुन्या एका वर्गात दोनदा बसली, पण पुढे सरकली.

आता मिमुंत बायकांच्या आठवडी बाजारात पोटुशी बाई दिसली की तिच्याजवळ जाऊन बसते आणि कीफपासून लांब राहा म्हणते. परवा एकजण फणकारली, "आमच्या पोटावर पाय द्यायला निघालीस होय?"

"नाही गं. तुझा नवरा बडवू दे की! बाळंत होईतो तू बाहेर बस."

बाई नाक मुरडून निघून गेली. मिमुंतने टोपली उचलली आणि कोंबड्यांपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एकीकडे गेली.