रंगुबाईचा हातपंप

कळंबजवळच्या आमच्या गावात तवा ग्रामपंचायतीचे सात मेंबर, त्यात तीन बायका. नवा कायदाच तसा आला हुता. मी सारजा, आक्काबाई आन् बौद्धवस्तीची रंगुबाई. आमाला दोघींना आमच्या नवऱ्यांनीच उभं केलं, निवडून आणलं, आन् मीटिंगला मात्र सोता जाऊन बसायचे. आमी भायेर ओट्यावर, पदर पुढं वढून. आत चहापाणी झालं की सहीला हाक यायची. आमचे मालक तर सरपंचाच्या शेजारचीच खुर्ची धरायचे.

रंगुबाईचा नवरा मागंच वारला हुता. ती सोता आत जाऊन बसायची. तोंडानं फटकळ, पण मनात काय ठेवायची न्हाय. जाता जाता आमाला म्हणायची, "काय मेंबरीनबाई, बरं वारं लागतंय का हितं?" मला लई राग यायचा. खरं बोललेलं कुणाला सोसतंय?

त्या उन्हाळ्यात पंचायत समितीनं गावाला एक हातपंप मंजूर केला. जागा ग्रामपंचायतीनं ठरवायची. गावात नळ हुता. वस्तीच्या बाया मात्र वढा वलांडून लांबच्या हिरीवरनं पाणी आणायच्या. रंगुबाईची सून करुणा पोटुशी, ती बी त्याच वाटंनं. तरी सरपंच दत्तोबा आबांना पंप पाहिजे देवळापुढं.

मीटिंगच्या दिवशी दोन मेंबर बावड्याला लग्नाला गेलेले. आबांनी विचारलं, "देवळापुढं कोण कोण?" त्यांचा हात वर झाला, नागेश मेंबराचा झाला, आक्काबाईच्या नवऱ्याचा आन् आमच्या मालकांचा बी झाला. वर मालक म्हणतात कसे, "वस्तीत पंप घालून काय करता? तिथलं पाणी आपल्यातलं कोण पिणार हाय?"

ओट्यावर मला समदं ऐकू आलं. लाज वाटली.

रंगुबाई ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊसाहेब, हात कुणाचे मोजता? मेंबरांचे, का त्यांच्या नवऱ्यांचे?"

भाऊसाहेबांनी आधी रुमालानं घाम पुसला. मग हळूच म्हणाले, "मेंबरांचेच." झालं, आमाला आत बोलावलं. आमच्या खुर्च्यांवर नवरेच बसलेले, आमी उभ्याच राहिलो.

"वस्तीत कोण कोण?"

रंगुबाईचा हात वर. आक्काबाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मालक डोळं वटारून बसलेले. शेतात तण भांगलून भांगलून बी कधी झाला न्हवता एवढा हात जड झाला. पण केला वर. मागनं आक्काबाईनं बी केला. तीन विरुद्ध दोन, ठराव पास.

मालकांनी अबोला धरला. जेवायला मात्र येळच्या येळी यायचे.

पंप बसला त्या दिवशी सगळा गाव वस्तीत बघायला आला. पाणी आलं तसा रंगुबाईनं तांब्या भरला आन् सरळ माझ्याफुडं धरला. सगळ्यांची नजर माझ्यावर. मी घेतला आन् घटाघटा प्याले. पाणी जरा मचूळच हुतं, खोटं कशाला सांगू.

निम्मा तांब्या उरला. मागं मालक उभे हुते. त्यांच्या हातात दिला.

"घ्या," म्हणलं, "मेंबर सांगतीय."

त्यांनी हिकडं तिकडं बघितलं आन् प्याले.