रजनीचा नेम

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण गोष्ट तिचीच आहे. एकदोनदा माझ्या मित्रापाशी, देवरेपाशी, तोंडापर्यंत आलं होतं, पण देवरेच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून गिळलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं माझं काही देणंघेणं नाही. आणि खरं सांगू का—आता ते गिळलेलं वर यायला लागलंय.

गोष्ट गोल्फची आहे. हसू नका. नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की रिक्षावाला आपल्याला जॉगिंग ट्रॅकवर नेऊन सोडतो, एवढाच आपल्या गावाचा आणि गोल्फचा संबंध. पण गावाबाहेर खरं मैदानही आहे, आणि मी तिथे बरीच वर्षं खेळतोय. सातपूरला माझं टूलरूम होतं, कारखान्यांना लागणारे साचे बनवायचो. एका गिऱ्हाइकाने हा नाद लावला. मुलाने धंदा हातात घेतल्यावर मग काय, रोजच सकाळी तिथे.

या खेळात लांब फटके मारणारे खंडीभर असतात. खरी परीक्षा असते ती शेवटच्या चार पावलांत. होलभोवती गवत अगदी बारीक कातरलेलं असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथे पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने बॉल नुसता ढकलायचा. ताकद लागत नाही, नेम लागतो. आणि नेम म्हणजे आपला प्रांत, अशी माझी समजूत. सूतभर वाकडं असलं तरी मी बोट फिरवून सांगायचो. सरळ रेघेवरच तर घर चाललं माझं.

रजनी माझी बायको. माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग. लहानपणी ती मागाशी बसून तुटलेले धागे सांधायची, असं सासूबाई सांगायच्या. मुलीचं लग्न झालं आणि घर तिला खायला उठलं, म्हणून मीच तिला मैदानावर घेऊन गेलो. मीच—हे लक्षात असू द्या. पहिल्या दिवशी तिने पटर केरसुणीसारखा धरला. सगळे हसले, मीही हसलो. तिने होलकडे एकदा बघितलं आणि बॉल आत घातला. मग दुसरा. मग तिसरा. मी म्हटलं, नवशिक्याचं नशीब.

नशीब असं रोज येतं का हो?

पाहता पाहता ग्रीनवर माझ्यापेक्षा तिची चर्चा व्हायला लागली. देवरे म्हणजे आमच्या टोळीतला कांद्याचा व्यापारी, मूळचा नामपूरचा. खुशीत आला की अहिराणीवर उतरतो. माझा बॉल होलच्या बाजूने गेला की तो सगळ्यांदेखत म्हणायचा, “भाऊ, वहिनीले इचार ना. वहिनीनी नजर लई भारी शे.” लोक हसायचे. मीही हसायचो, दात दाखवून. आतून असा भडका उठायचा की काय सांगू. एकदा तर रजनीनेच हळूच सांगितलं, “अहो, तुम्ही जरा उजवीकडे बघताय.” प्रेमाने सांगितलं, कोणी ऐकू नये अशा आवाजात. पण देवरेने ऐकलं. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत एक शब्द बोललो नाही, आणि तिला वाटलं माझं पित्त वाढलंय.

जळत होतो मी. सरळ शब्द आहे तो, तोच वापरतो. दुसऱ्या कोणावर जळलो असतो तर जगाची रीत म्हणून सोडून दिलं असतं. पण जिच्या हातचं दोन वेळा जेवतो, जी रात्री माझ्या तळपायाला तेल लावते, तिच्यावर? हो. तिच्यावरच.

मग मी ते लेझर घेतलं. पटरच्या दांड्याला खाली अडकवायचं लहानसं यंत्र. आधी नुसत्या डोळ्याने नेम धरायचा आणि मग बटण दाबायचं. पटरचं तोंड खरोखर जिकडे आहे तिकडे जमिनीवर लाल रेघ उमटते. आपण समजत होतो कुठे आणि बघत होतो कुठे, ते लगेच कळतं. घेतलं स्वतःसाठीच. हॉलमधल्या गालिच्यावर उभा राहायचो, समोर भिंतीशी एक पितळी वाटी आडवी ठेवलेली. रजनी घरात नसताना करायचो हे. रेघ रोज वाटीच्या उजवीकडे. म्हणजे तिने सांगितलं होतं तेच, तंतोतंत.

एकदा ती लवकर परतली. म्हणाली, मला बघू द्या. पदर खोचला, वाटीकडे एकदा बघितलं, बटण दाबलं. रेघ वाटीच्या बरोब्बर मध्यावर. परत केलं—परत मध्यावर. ती लहान मुलीसारखी हसली. मी म्हटलं, छान. 

त्याच सुमारास क्लबातल्या बायकांची टीम पुण्याला सामन्यासाठी जायची होती. एक जागा शिल्लक होती, आणि तिच्यासाठी ग्रीनवर चाचणी ठेवली होती. रजनीचं नाव त्यात आलं. किती हरखली होती. नवे बूट आणले आणि आधी देवापुढे ठेवले. लग्न सोडलं तर मला आयुष्यात कोणी कशासाठी निवडलेलं नाही, असं म्हणाली ती. हसत म्हणाली, पण खरं होतं ते. आणि मी? मी त्याच क्लबात इतकी वर्षं घालवली, मला कोणी शेजारच्या गावालाही नेलं नव्हतं.

ती भाजी आणायला गेली होती. दुपारची वेळ. लेझरच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, रेघ पटरच्या तोंडाशी जुळवण्यासाठी. मी ते यंत्र घेऊन बाल्कनीत बसलो आणि स्क्रू फिरवला. कितीसा? केसभर. वाटीपर्यंत जाता जाता रेघ चार बोटं उजवीकडे सरकेल एवढाच. हात जराही थरथरला नाही माझा. थरथरेल कशाला, जन्मभर तेच काम केलेलं. नंतर चहा करून प्यालो.

दुसऱ्या दिवशी तिने नेम धरला, बटण दाबलं, आणि रेघ वाटीच्या उजवीकडे. तिने पटर बघितला, वाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, होतं असं, माझंही होतं, तुझी नजर सरकायला लागली असेल. वर सल्ला दिला की चाचणीपर्यंत बॉल मारूच नकोस, नुसता नेम बसव, रेघ वाटीवर आली पाहिजे. का दिला हा सल्ला? बॉल खरं बोलला असता म्हणून. एवढी अक्कल होती मला.

तिने ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकत आलीय. देवपूजा झाली की रोज गालिच्यावर उभी. आपल्या डोळ्याला जे सरळ दिसतं ते वाकडं समजायचं आणि वाकड्याला सरळ म्हणायचं—हे ती मन लावून शिकली. मी सोफ्यावर बसून पेपर वाचायचो. म्हणजे पेपर समोर धरायचो.

चाचणीत तिचे बॉल एकामागून एक होलच्या डावीकडून गेले. ती बॉलकडे बघतच नव्हती. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती, काय चुकतंय ते मी सांगीन म्हणून. मी चेहरा पाडून उभा होतो. दुसऱ्या बाईंची निवड झाली. आणि माझ्या पोटात थंडगार वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

इथे थांबलं असतं तर? खेळच तो, हरतो माणूस. पण ती मला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. रजनीचा चेहरा उतरला. कारण माझ्या सासूबाईंचं सुरू झालं होतं ते असंच. आधी चहा कपात ओतायच्या तो बशीत पडायला लागला. डोळे तपासले तर चांगले. मग हळूहळू त्यांना घरातली वाट सापडेना, शेवटी पोटची मुलगी ओळखता येईना. रजनीने ते सगळं हातांनी केलंय, अगदी न्हाऊ घालण्यापर्यंत. रिक्षात ती एवढंच म्हणाली, “डोळे चांगले आहेत म्हणजे मग...” पुढचं मला कळलं. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? जीभ झडली होती का?

मी घाबरलो. उपरती झाली असं समजू नका, नुसता घाबरलो. मुलगा यंत्र हातात घेईल, देवरे घेईल, कोणाच्या तरी लक्षात येईल. खाई त्याला खवखवे. म्हणून ती आंघोळीला गेलेली असताना मी स्क्रू फिरवून पुन्हा होता तिथे आणला. झालं, मिटलं, असं मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात तिने पटर शेवटचा म्हणून हातात घेतला. वाटीकडे बघितलं—खूप वेळ—आणि बटण दाबलं. लेझर आता खरं सांगत होतं. पण तिचा डोळा मी वाकवून ठेवलेला. रेघ वाटीच्या डावीकडे गेली.

ती सोफ्यावर बसली. “तेव्हा उजवीकडे जात होती, आता डावीकडे. यंत्र कशाला खोटं बोलेल हो? माझंच काहीतरी सुटत चाललंय.”

मी तिला पाणी आणून दिलं.

त्या दिवसापासून तिने गाडी चालवणं सोडलं. येवल्याला ती एकटी जायची, माझ्यापेक्षा छान चालवायची. किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, कोणाचं लेकरू समोर आलं तर. पाय उचलून पायरीवर ठेवताना थांबायला लागली. टिकली लावली की मला विचारायची, मधोमध आहे ना? पूर्वी आरशाशिवाय लावायची.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरेच दिवस वाटत होतं की एवढंच आहे. पण स्क्रूचं मी कधीतरी सांगितलंही असतं बहुधा. जे सांगता येत नाही ते पुढेच आहे.

भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला गेलो होतो. दुकानदार साडी उलगडत होता, तिच्या माहेरच्या बायकांचं रंगावरून चाललं होतं. रजनी मागे उभी होती. ती एकदम पुढे वाकली, काठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे धागा चुकलाय. दुकानदार म्हणाला, शक्यच नाही ताई. तिने बोट हलवलं नाही. त्याने भिंग आणलं, बघितलं, चूक सापडली. मग म्हणाला, “ताई, नजर आहे तुमची.”

मी तिचा चेहरा बघितला. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला दिसत होतं तिच्या मनात काय चाललंय. मी काही न करता, काही कबूल न करता, ती आपली आपण त्या भीतीतून सुटत होती. मला नुसतं गप्प बसायचं होतं. जन्मात पहिल्यांदा गप्प बसणं हे पुण्याचं काम होतं.

आम्ही बाहेर आलो. गाडीपाशी तिने माझ्यापुढे हात केला, किल्लीसाठी. हसत होती.

आणि मला तो दुकानदार आठवला. त्याचं ‘नजर आहे तुमची’. देवरेचं तेच, क्लबात सगळ्यांचं तेच. तोच भडका पुन्हा उठला, तसाच, जराही कमी नाही. मी म्हटलं, “जवळचं दिसतं गं तुला. चुकतं ते लांबचं.”

आवाज प्रेमाचा होता माझा. काळजीचा.

तिचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो पदराला पुसल्यासारखा केला आणि म्हणाली, हो, तेही खरंच. गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, बसली, पट्टा लावला.

निफाड मागे पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तिने विचारलं, “आईला पहिल्यांदा कधी कळलं असेल हो, की आपलं बिघडत चाललंय?”

मी म्हटलं, कोणास ठाऊक. आणि गाडी चालवत राहिलो.