ग्लेनच्या गाडीतलं रिकामं गाणं

त्या सोमवारी डायलिसिसवरून गाडी घरापाशी आली तरी माझी बायको इंदू उतरायला तयार नव्हती. ड्रायव्हर ग्लेन व्हीलचेअरचे पट्टे सोडायला आला, तर तिनं त्याला हातानं थांबवलं. "थांबा हो, माझा नंबर यायचाय." मी म्हणालो, "थंडी मरणाची आहे. घरी म्हण." "आज तुमच्यावर रचलंय." "मग तर घरीच म्हण. ग्लेनपुढं अब्रू नको काढूस." ती हसली आणि उतरली. घरी येऊन जी झोपली ती संध्याकाळपर्यंत. काय रचलंय ते मीही विचारलं नाही. मंगळवारी दुपारी तिचा श्वास अडकला. अँब्युलन्स आली तेव्हा संपलं होतं.

याला दीड महिना झाला. माझं शिक्षण चौथी. गावी पिठाची गिरणी चालवली, म्हातारपणी मुलानं इथं अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. इंदूची किडनी गेल्यावर आठवड्यातून तीनदा ग्लेनची गाडी यायची. ग्लेन जमैकाचा, साठीचा. गाडीत कायम एकच वाजवायचा. मी वैतागलो, "याच्याकडं दुसरं गाणं नाही का?" सून एकदा बरोबर होती, तिनं त्याला विचारून सांगितलं, "बाबा, गाणी वेगळी आहेत, म्युझिक तेवढं एक. याला रिडिम म्हणतात. जुने-नवे सगळे गायक त्याच्यावरच आपापलं गातात." इंदू म्हणाली, "म्हणजे जात्यावरच्या ओव्या की. घरघर एक, बायका निराळ्या."

तेव्हापासून ती कान देऊन ऐकायची. पहिला एक म्हातारा, फाटक्या आवाजाचा. मग एक पोरगी. मग एक गडी, भांडल्यासारखा भराभरा बोलणारा. "या नव्यांना मेली घाईच फार. म्हातारा बघा, कसा ठेक्याला टेकून बसलाय," म्हणायची. शेवटी नुसतंच म्युझिक, गायक कोणी नाही. ग्लेन आरशात बघून म्हणायचा, "मावशी?" हा शब्द त्याला सुनेनं शिकवलेला. की ही सुरू...

यंत्र धुतं माझं रगत, मला दमवून धाडी
दारी उभी राही बाई, ग्लेनदादाची गाडी

मला लाज वाटायची. खरं सांगायचं तर ही गाते हेच मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं गिरणीत ती काही बोलायला आली की मी ओरडायचो, "पट्टा चालू आहे, नंतर सांग." ते नंतर कधी आलं नाही. इथं पट्टा नव्हता, तरी मी तेच केलं. माझ्यावर काय रचलं होतं... शिव्या असतील. असल्या तरी ऐकायच्या होत्या.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सातला ग्लेनची गाडी दारात. घरात फोन चालू होते, गाडी कॅन्सल करायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी चपला घालून खाली गेलो. "मावशी?" त्यानं विचारलं. मी वर आभाळाकडं बोट दाखवलं. त्यानं टोपी काढली, म्युझिक बंद केलं. मी खूण केली, लाव. आत बसलो. तिच्या व्हीलचेअरचे पट्टे मोकळे पडले होते. म्हातारा गायला, पोरगी गायली, तो भांडणारा गडीही गाऊन झाला. मग ते रिकामं म्युझिक आलं. ग्लेननं आरशात माझ्याकडं बघितलं. ते संपेपर्यंत बसलो, उतरलो, आणि सुनेला सांगितलं, गाडी कॅन्सल कर.