तो कौल मी लावला होता

धोंडीतात्या आज सकाळी गेले. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा माझ्यामुळे पडल्या.

हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही. शिव्या द्यायच्या तर कमेंटमध्ये द्या, डिलीट करणार नाही.

तात्या आमच्या गावचे मेंढरंवाले.
टेकडीवर आईचं, म्हणजे गावदेवीचं ठाणं, भोवती आईची राई. जांभळं, बेहडे, जुने आंबे. खाली बारमाही झरा. राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणायची नाही, अशी रीत.

आणि आम्ही शिकलेल्यांनी ठरवलं, आईला मोठा सभामंडप बांधायचा. राई तोडून.

मी मंडळाचा सेक्रेटरी. घराण्यानं गुरव, पूजा आमच्याकडेच.

गावात तेव्हा एसटीडी बूथ एकच होता. उघड विरोध करणारा माणूसही एकच.

तात्या शाईचा पॅड घेऊन घरोघर फिरले. अंगठे गोळा केले, घोडेगावला तहसीलमध्ये अर्ज दिला. काम अडलं.

मीटिंगमध्ये पोरं तापली. "तात्या, तुमी देवाच्या कामात आडवं येताय."

तात्या शांतपणे म्हणाले, "मंग आईलाच इचारू. ती व्हय म्हनली तर मी अर्ज मागं घितो."

म्हणजे कौल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार.

कळ्या मी लावल्या.

डावीला शेंदराचा घट्ट गोळा. उजवीला नुसतं पाणी.

उजवी दोन मिनिटांत पडली. पोरांनी गुलाल उधळला.

तात्या आईपुढे आडवे झाले. "माजं चुकलं, आई."

बाहेर आले आणि पायरीशी काढलेल्या वहाणा तिथंच सोडून निघाले. मी हाक मारली.

"ऱ्हाऊ दे. आईचा गुन्हा केलाय. आता ती सांगंल तवाच घालीन."

त्या दिवसापासून माणूस अनवाणी. मेंढरांमागं, काट्यांतून, तापलेल्या डांबरावरून.

राई आठ दिवसांत आडवी झाली. झरा काही उन्हाळ्यांत आटला. सभामंडपात फॅन आहेत, लाइट असली तर फिरतात. संगमरवरी पाटीवर माझं नाव आहे.

एकदा राहवेना म्हणून मंचरहून त्यांच्यासाठी चांगल्या चपला आणल्या. खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून चपला.

तात्यांनी त्या हातात घेऊन बघितल्या. "आई काय बोलली का तुज्याशी? तू पुजारी, तुला कळंल."

एवढा सरळ प्रश्न आयुष्यात मला कुणी विचारला नाही.

मी म्हणालो, "अजून नाय, तात्या."

चपला परत आणल्या. माळ्यावर टाकल्या.

आज त्यांचा मुलगा त्यांचे पाय धूत होता. भेगांतली माती निघेना. म्हणाला, "बापाला शेवटपतुर वाटायचं, आई रुसलीय."

मी मान हलवली. घरी येऊन हे टाइप करतोय, यावरून माझी लायकी कळेल.

तात्या, आई रुसली नव्हती. मी तिला बोलूच दिलं नाही.

सावडायला येताना माळ्यावरच्या चपला घेऊन येतो. आधी तुमच्या मुलाला, सगळ्यांसमोर, खरं सांगतो. मग तुमच्यापाशी ठेवतो.

पायात घाला, तात्या.