ताईच्या वाट्याचा तास

ताई दोनदा दहावीला बसली आणि दोन्ही वेळा गणितात राहिली. तिसऱ्यांदा तिनं फॉर्म भरला त्या वर्षी मीही दहावीत होते. ती माझ्याहून अडीच वर्षांनी मोठी, पण परीक्षा एक, केंद्र एक, आणि घरात अभ्यासाची खोलीही एकच.

बाकीच्या विषयांत ती कधी अडली नाही. मराठीचा निबंध तर सर वर्गात वाचून दाखवायचे. गणिताचा पेपर मात्र हातात आला की तिचे तळवे ओले व्हायचे आणि येत असलेलंही निसटून जायचं. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा तिची शाळा सुटली. कुणी काढलं असं नाही. नापास झालेली मुलगी घरी राहते आणि घरी राहिलेल्या मुलीला काम असतं, एवढंच. आईची कंबर धरलेली. सकाळचा स्वयंपाक आटोपून ताई वावरात जायची, पावसाळ्यात सोयाबीनचं निंदण, दिवाळीनंतर कापूस वेचायला.

तिसरा फॉर्म भरायला बाबा तयार नव्हते. ताईनं हट्ट केला नाही. फक्त दोन दिवस ती त्यांच्यासमोर जेवण वाढताना बोलली नाही. मग बाबाच म्हणाले, "बस या वर्षी. पास झाली तं उमरखेडले अकरावीत टाकतो. नाई झाली तं पुढचं मी पाहीन."

पुढचं म्हणजे काय ते आम्हा तिघींनाही कळलं.

जानेवारीत माझी पूर्वपरीक्षा झाली. शाळा ढाणकीला, आमच्या गावापासून सहा किलोमीटर. मी दिवाळीपासून रोज वाचत होते, पुस्तकांतल्या ओळींखाली तीन रंगांच्या रेघा होत्या, आणि तरी गुण आले साठ टक्क्यांच्या आसपास. पेपर मी दप्तरात लपवले. ताईनं ते काढले, अंगणात तुरीच्या ढिगाशेजारी बसून एकेक पान पाहिलं आणि मला हाक मारली. तू वाचतेस पण लिहीत नाहीस, असं तिनं सांगितलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्यालाच आपण आलं म्हणतो. पुस्तक मिटल्यावर जे कागदावर उतरतं तेवढंच आपलं. दोनदा नापास झाल्यावर तिला हे कळलं होतं.

त्याच दुपारी तिनं मागच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटी केली. मागची कोरी बाजू जोडून, पट्टीनं चौकोन आखून सहा आठवड्यांचा तक्ता केला. त्यात विषय नव्हते, धडे होते. मला एकेका धड्याचं नाव विचारून तिनं त्यांचे तीन वाटे केले: येतो, अर्धा येतो, येत नाही. अर्ध्या येणाऱ्यांवर आधी बसायचं, कारण तिथं थोड्या कष्टात गुण हाती लागतात. आज केलेला धडा उद्या पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्यानं, आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून. रविवारी सकाळी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर. तो तपासायची ती, उत्तरांचं पुस्तक मांडीवर घेऊन. रात्री दहाला दिवा बंद. मी कुरकुर केली तर म्हणायची, मी पहिल्या खेपेला जागूनच नापास झाली.

एवढ्या मोठ्या तक्त्यात तिनं स्वतःसाठी एकच गोष्ट लिहिली होती. रोज संध्याकाळी सात ते आठच्या चौकोनात: गणित, दोघी. मी तिला शिकवायचं. तिच्यासाठीही तिनं धडे लावले होते. वर्गसमीकरणं आणि श्रेढी तिला फार जड जायच्या, म्हणून त्या आधी. संभाव्यता आणि सांख्यिकी शेवटच्या दोन आठवड्यांत. "सोप्पे हायेत ते," ती म्हणाली, "पटकन होतीन. हक्काचे मार्क."

पहिले तीन आठवडे तो तास कधी चुकला नाही. ती हरभऱ्याच्या सोंगणीवरून यायची, हातपाय धुवायची, चुलीवर भात चढवायची आणि वही घेऊन माझ्यासमोर बसायची. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबीनं तिची बोटं भेगाळलेली असायची, पेन धरताना ती बोट बदलत राहायची. ती मठ्ठ नव्हती. मी शेजारी असले की गणित सुटायचं. एकटीनं सोडवायला बसली की मधेच उणे चिन्ह हरवायचं, मग ती सगळंच खोडायची. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, आज तू मला शिकव. तिनं पाटी घेतली आणि श्रेढीचं एक उदाहरण मला समजावून सांगू लागली. अडखळली, मागे गेली, उणे चिन्ह तिचं तिनंच शोधलं आणि उत्तर काढलं. पुस्तकाच्या मागे पाहिलं तर बरोबर होतं.  तिनं पाटी न पुसता देवळीत ठेवली, दोन दिवस ती तशीच होती.

दुपारी ती मला इतिहास विचारायची, भाकरी थापता थापता. चुकलं की पीठ लागलेल्या हातानं थांब अशी खूण करायची. तिला तो सगळा विषय अजून पाठ होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर शाळेनं दुसरी सराव परीक्षा घेतली. मला पंच्याऐंशीच्या वर टक्के मिळाले. सरांनी कार्यालयात बोलावलं. म्हणाले, असाच अभ्यास ठेवला तर केंद्रात पहिली येशील, आणि मग अमरावतीला वसतिगृहात राहून शिकण्याची सोय होऊ शकते, मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलतो. मी सायकलवर घरी आले तेव्हा रस्ता कसा सरला ते कळलं नाही.

ती बातमी ऐकून सगळ्यांत जास्त आनंद ताईला झाला. तिनं त्या दिवशी शेवयांची खीर केली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी म्हटलं, माझं डोकं दुखतं. तिनं कपाळाला तेल लावून दिलं. त्यानंतरच्या दिवशी अर्धाच तास बसले आणि तोही विज्ञानाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून. तिसऱ्या दिवशी ती वावरात असताना मी कॅलेंडरसमोर उभी राहिले, परीक्षेपर्यंतचे सगळे सात ते आठचे चौकोन पेनानं खोडले आणि त्यावर लिहिलं, विज्ञान भाग दोन.

ती संध्याकाळी वही घेऊन आली. तिनं तक्ता पाहिला. 

"काहून वं," ती म्हणाली, "आता दोघी नाई?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हटलं, "तुले येते आता. तू तुहं कर. माहे मार्क जातीन."

"बरं," ती म्हणाली. "तुहं पक्कं होऊ दे."

ती चुलीपाशी गेली. तिथंच उजेडात वही धरून बसलेली मला दिसत होती. परीक्षेला तेव्हा सोळा दिवस राहिले होते. त्या सोळा दिवसांत तिनं मला एकदाही गणित विचारलं नाही. माझा इतिहास मात्र रोज घेतला, रविवारचे पेपरही तपासले. आईनं एकदा विचारलं, हिचा सातचा घंटा कुठं गेला? ती एकटीच करते आता, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

परीक्षेला आम्ही दोघी बाबांच्या मोटारसायकलवर जायचो, मी मधे, ताई मागे. खोल्या वेगळ्या. बीजगणिताच्या दिवशी पेपर सुटल्यावर मी शाळेच्या फाटकाजवळ मैत्रिणींबरोबर उत्तरं ताडून पाहत होते. सगळी बरोबर येत होती. ताई बाहेर आली आणि जरा बाजूला, लिंबाखाली थांबली. मी गेले तेव्हा तिनं प्रश्नपत्रिका पुढे केली. श्रेढीच्या उदाहरणापुढे बरोबरची खूण होती, वर्गसमीकरणापुढेही.

"पत्त्याच्या कॅटमधी लाल पत्ते किती असतात?" तिनं विचारलं.

आमच्या घरात पत्ते कधी नव्हते. बाबांना ते चालत नसत. मला पुस्तकातून ठाऊक होतं.

"सव्वीस," मी म्हटलं.

"आन् राजे?"

"चार."

तिनं मान हलवली, प्रश्नपत्रिकेची बारीक घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. पत्त्यांचा तो सगळा प्रश्न आणि सांख्यिकीचं गणित तिनं सोडून दिलं होतं. हे दोन धडे मी तिला एका संध्याकाळी शिकवू शकले असते. तेवढ्यात बाबा आले आणि आम्ही गाडीवर बसलो.

निकाल मोबाइलवर पाहिला, शेजारच्या काकांच्या. मी केंद्रात पहिली आले होते. ताई गणितात राहिली होती, तीही थोडक्यानं. घरी माणसं यायला लागली, कुणी पेढे आणले, कुणी टॉवेल-टोपी देऊन बाबांचा सत्कार केला. ताईनं दिवसभर चहा केला. एक बाई तिला म्हणाली, तुही बहीण पाह्य कशी निघाली. ताई म्हणाली, हुशारच हाये ती.

जून लागताच मी अमरावतीला गेले. ताईचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं, दिग्रसकडच्या एका खेड्यात. माणूस वाईट नाही. पण घर मोठं, वावर जास्त आणि हात कमी. पहिल्या चार वर्षांत तिला दोन मुली झाल्या, मधे एक मूल गेलं. दर भेटीत ती थोडी आणखी वाळलेली दिसायची.

मी आता पुसदला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवते. जानेवारीत पालक वेळापत्रक मागतात, आणि मी ताईचाच तक्ता देते: तीन वाटे, पुस्तक मिटून लिहिणं, चौथ्या दिवशी पुन्हा. तो माझा आहे असंच त्यांना वाटतं. मी दुरुस्त करत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घरी गेले होते. सासू वावरात होती, ती एकटीच परसात कपडे धूत होती. मी शेजारी बसले आणि त्या खोडलेल्या चौकोनांचं बोलले. किती वर्षं मनात होतं तेही सांगितलं. ती कपडे पिळत ऐकत राहिली.

"ते मले माहीत होतं ना," ती म्हणाली. "तक्त्यावर खोडेलच होतं."

"मग बोलली काहून नाई?"

तिनं पिळलेलं लुगडं झटकलं आणि दोरीवर टाकलं. माझ्याकडे पाठ करूनच ती बोलली.

"वाटलं, तू पहिली आली तं बाबा तुहं ऐकतीन. मंग तू माह्यासाठी एक शब्द टाकशीन. अजून एक खेप बसू द्या म्हणून."

मी तो शब्द टाकला नव्हता. निकालानंतर बाबा आठ दिवस माझं प्रत्येक म्हणणं ऐकत होते. नवीन सायकल नको, पुस्तकं हवीत, म्हटलं, ती आली. अमरावतीला सोडायला या म्हटलं, ते आले. पाहुणे ताईला पाहायला आले त्या दिवशी मी घरातच होते, बॅग भरत. बोलावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. चौकोनांचा अपराध मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि याची मला आठवणही नव्हती.

मी तिला म्हटलं, अजूनही बसता येतं, फॉर्म मी भरते, दर रविवारी येते शिकवायला. ती म्हणाली, मी आता आकडेही विसरले, आणि रविवारी इथं कपाशीत मजुरीच्या बायका लागतात, त्यांच्यामागं राहावं लागतं. मी पुन्हा म्हटलं. तिनं बादलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि विचारलं, तुही बस किती वाजता हाये?

तिनं मला फाट्यापर्यंत पोचवलं. वाटेत ती धाकट्या मुलीच्या खोकल्याबद्दल बोलत होती, दवाखान्यातलं औषध लागू पडत नाही म्हणून. मी एका डॉक्टरचं नाव सांगितलं. बस आली तेव्हा ती लगेच मागे फिरली, कारण सासू यायच्या आत तिला स्वयंपाकाला लागायचं होतं.