नकाशात नसलेला पोड

ड्रॉवर आवरताना जुनं हिरवं डोंगल हाती लागलं. ते लावल्याशिवाय ऑफिसचं नकाशांचं महागडं सॉफ्टवेअर उघडतच नसे. कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळात ते चालवणारा मी एकटाच; सरकारी विहिरी कुठे द्यायच्या, ते माझ्या नकाशावरून ठरे. एका दुपारी मारेगावकडचा एक कोलाम आदिवासी म्हातारा आला. "साहेब, आमचा पोड दाखवा." माझ्या रेषा बिनचूक होत्या, पण त्याच्या पोडाच्या, म्हणजे वस्तीच्या जागी नुसतं हिरवं जंगल होतं. शरमेनं त्याला समोरच्या सायबर कॅफेत नेलं आणि फुकटचा उपग्रह नकाशा उघडला. फोटो हळूहळू उमटला: सतरा छपरं, मधे चावडी. "हाच!" तो ओरडला. त्या नकाशावर कुणालाही नाव लिहिता येई. मी पोडाचं नाव लिहिलं, विहिरीच्या फायलीला लावायला कागद छापून घेतला. "आता तुमचं घर दाखवा ना." मी भाड्याच्या खोलीचं छत दाखवलं. "कोण कोण राह्यते?" "मी एकटाच." त्यानं पडद्यावरच्या त्या छतावर बोट ठेवलं. "मंग तिथं बी नाव लिवा, साहेब. कोणाले यायचं असन तं कसं समजन?" मी हसण्यावारी नेलं. आज फोनवर पाहिलं, पोडाचं नाव अजून आहे. मी चार खोल्या बदलल्या. नाव कुठेच लिहिलं नाही.