बारीक राहिलेले ओमेगा

शुक्रवारी चार वाजता फाइल पुण्याला प्रेसकडे जायची होती. तीन वाजता मला दिसलं, की सातव्या प्रकरणातले सगळे ओमेगा बारीक आहेत.

लोणावळ्यात बाजाराजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आम्ही पुस्तकांची पानं छपाईसाठी लावून देतो. गणिताचा मजकूर माझ्याकडे असतो. हे पुस्तक डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीतून लिहिलेलं मेकॅनिक्स होतं. लेखक कान्हे गावचे ओव्हाळ सर, निवृत्त शिक्षक. त्यांचं हे पहिलंच पुस्तक.

वेग नुसता किती एवढंच सांगायचं असेल, तर त्याचं अक्षर बारीक आणि तिरकं छापतात. किती आणि कुठल्या दिशेने, दोन्ही सांगायचं असेल तर तो व्हेक्टर, मराठीत सदिश. आमच्याकडे त्याचं अक्षर ठळक आणि उभं लावतात. मी इंग्लिश मीडियमची, सदिश हा शब्द मला याच पुस्तकात भेटला. हाताने ठळक लिहिता येत नाही, म्हणून सर अशा अक्षराखाली नागमोडी रेघ ओढायचे. रेघ दिसली की मी त्या अक्षराला बोल्डची कमांड द्यायची.

ओमेगा म्हणजे फिरण्याचा वेग. ते ग्रीक अक्षर. आमची कमांड इंग्रजी अक्षरं ठळक करते, ओमेगाला मात्र काहीच करत नाही. एररही देत नाही. पहिल्या पाच-सहा ओमेगांना मी ती दिली, स्क्रीनवर फरक पडेना. ग्रीक अक्षरांची रीतच अशी असेल, असं मी धरून चालले आणि पुढे कमांड देणंच सोडलं. कोणाला विचारलं नाही. विचारायला उठावं लागलं असतं.

प्रूफ सरांकडे झेरॉक्स करून गेलं होतं. आमचं झेरॉक्स मशीन सगळंच काळं काढतं. सरांना सगळं ठळक दिसलं, त्यांनी सही केली.

मी नितीनदादांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ऑफिस त्यांचं. ते फोनवर होते. परत जागेवर जाता आलं असतं.

“पाठवली का फाइल?” फोन ठेवत त्यांनी विचारलं.

“नाही. सातव्या प्रकरणात चूक आहे. माझी.”

त्यांनी पान पाहिलं. सरांची सही आहे, कोणाला कळणार, असं म्हणाले. मी म्हटलं, मुलं दिशा सोडून देतील आणि उत्तरं चुकतील. दादांनी पान पुन्हा एकदा पाहिलं. मग प्रेसला फोन करून सोमवारी सकाळी दहापर्यंत मुदत मागून घेतली. त्यानंतर प्रेसचं मशीन दुसऱ्या कामाला लागणार होतं. मग पुस्तक कॉलेजं सुरू झाल्यावर आलं असतं, आणि तोवर मुलांनी दुसरं घेतलं असतं.

ठळक, उभा ओमेगा असलेला फाँट अर्ध्या तासात मिळाला. सगळे ओमेगा एकदम बदलून टाक, असं दादा म्हणाले. ते चाललं नसतं. निम्मे नुसते ‘किती’ सांगणारे होते. कुठले बदलायचे हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. हस्तलिखित सर परत घेऊन गेले होते.

शनिवारी सकाळी लोकलने कान्ह्याला गेले. काय बोलायचं ते गाडीत तीनदा मनात म्हणून घेतलं. दारात सरांच्या पत्नी होत्या. “लोणावळ्याची पोरगी ना तू? बस हितं. ह्ये भाताच्या खाचरात गेल्यात, येतील.”

सर आले. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. हस्तलिखिताची फाइल आणून मांडीवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

“आधी तू सांग कुठला ठळक. मग मी रेघ बघतो.”

“सर, मी फक्त टाइप करते.”

“म्हणून तर घोटाळा झाला.”

त्यांनी युक्ती दाखवली. चाक फिरतं तशी उजव्या हाताची बोटं वळवायची. अंगठा जिकडे जाईल ती ओमेगाची दिशा. गणितात त्या अंगठ्याचं काम पडत असेल तर ठळक, नाहीतर बारीक. आम्ही एकेक गणित घेऊन मुठी वळवत बसलो.

चहा ठेवताना सरांच्या पत्नी म्हणाल्या, “एकमेकांना अंगठं दाखवायला आलीयेस व्हय एवढ्या लांबून?”

मी सुरुवातीला चुकले, मग कमी चुकले. शेवटून दुसऱ्या गणितात मी बारीक म्हटलं. सरांच्या कागदावर रेघ होती. मी नेहमीप्रमाणे पेन्सिलीने दुरुस्ती करायला लागले, आणि थांबले.

“सर, इथे मिनिटाला किती फेरे एवढंच विचारलंय. दिशा कुठे लागत नाही.”

त्यांनी गणित दोनदा वाचलं. मूठ वळवून पाहिली. मग लाल पेन काढून रेघ खोडली.

“हीच नोट मी वर्षानुवर्षं दिली,” ते म्हणाले. “एकानंही विचारलं न्हाई.”

फाइल सोमवारी साडेनऊला गेली. पुस्तक कॉलेजं उघडायच्या आत आलं. ऑफिसच्या प्रतीत मी आधी तेच गणित उघडलं. ओमेगा बारीक आणि तिरका आहे.

तेव्हापासून कमांड दिली, काहीच झालं नाही आणि एररही आला नाही, की मी उठून विचारते. दादांचं टेबल माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर आहे.